वाळत घातलेलें पंचांग

लाकडी ठशांवरून छापलेल्या जपानी चित्रांपैकीं होकुसाईची ती प्रचंड लाट आतां घरोघर परिचित झाली आहे. मला मात्र तिच्याहून हारुनोबूचें १७६५ सालचें एक लहानसें चित्र अधिक आवडतें. अवचित सर कोसळली आहे. वाळत घातलेला झगा काढावयास एक तरुणी धांवत सुटली आहे, आणि त्या गडबडींत तिच्या एका पायांतील खडाव निसटली आहे. पावसाचा पहिला थेंब पडतांच ज्या घरांत चार सुना एकदम अंगणाकडे धांव घेतात, तेथें हें चित्र समजावून सांगावयास नको.

खरी गंमत आहे ती त्या झग्यावरील नक्षींत. मला जपानी लिपि येत नाहीं. ती नक्षी म्हणजे अक्षरें आहेत हें चित्राखालच्या टिपणावरून कळलें. त्यांत मेइवा शकाचें दुसरें वर्ष आहे, आणि २, ३, ५, ६, ८, १० हे त्या वर्षाचे मोठे, म्हणजे ३० दिवसांचे, महिने आहेत. त्या काळीं जपानांत महिने चंद्रावरून मोजीत. कोणता ३० दिवसांचा व कोणता २९ चा, हें दरसाल बदले. तिथींची क्षयवृद्धि सांभाळणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही अडचण चटकन् उमगेल. देणीं महिनाअखेर चुकवावयाचीं, तेव्हां ही माहिती ज्याला त्याला हवी. पण पंचांग छापण्याचा परवाना मात्र ठराविक प्रकाशकांनाच! मग एदो शहरांतील हौशी मंडळी अशीं चित्रें खासगी रीतीनें करवून घेत व नववर्षाला एकमेकांना भेट देत. मित्रानें महिने हुडकून काढावेत आणि हंसावें. या हौसेपायीं, खर्चाकडे न पाहतां, तेथील बहुरंगी छपाई फुलली.

पुढें १८८७ सालीं पॅरिसमध्यें व्हॅन गॉगनें हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या तैलरंगांत प्रतिकृति केल्या आणि त्यांच्या कडांना जपानी अक्षरांचें तोरण बांधलें. तीं इतर चित्रांवरून उतरून घेतलेलीं. त्याला स्वतःला तीं वाचतां येत नव्हतीं. सुंदर आहेत, नाहीं कोण म्हणतो? पण अक्षराची नुसती आकृति उरली कीं भरल्या घरांतून कोणी उठून गेल्यासारखें मला वाटतें.

अर्थात् हें परक्यांनींच केलें असें नाहीं. एदोंत वर्ष सरलें, पंचांगाचें काम संपलें. तेव्हां प्रकाशकांनीं अशा कित्येक चित्रांच्या ठशांवरील महिन्यांच्या खुणा काढून टाकल्या, आणि तींच चित्रें बाजारांत विकावयास ठेविलीं.