बारडच्या दोन बाजू

मार्च संपत आला तरी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात भरदुपारी बसवतं. खाऱ्या वाऱ्याने अंग चिकचिकतं, पण भाजत नाही. घोलवड-बोर्डीच्या वाटेला लागलं की दुतर्फा चिकूच्या वाड्या. पारशी-इराणी बागायतदारांनी त्या वाढवल्या. फळं उतरवणारे हात मात्र बहुतेक वारल्यांचे. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत चिकू अलगद पडतो आणि देठाशी पांढरा चीक ओघळतो.

वाड्या मागे पडल्या की समोर बारडचा डोंगर. असावलीकडून चढताना समुद्रवारा अडतो. साग निष्पर्ण, कातळ तापलेला, हवेत मोहाच्या फुलांचा गोड, उग्र वास. इतक्या थोड्या अंतरात हवा एवढी बदलते यावर चढल्याशिवाय विश्वास बसत नाही. वर बहरोटच्या लेण्यात पाऊल टाकलं आणि पाठीवरचा घाम गार झाला. आपली संजाणची वस्ती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे बारा वर्षं जपला, असं त्यांची परंपरा सांगते. १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. लेण्याबाहेरून पश्चिमेला समुद्र दिसतो. लपायला आणि नजर ठेवायला याहून चांगली जागा या मुलखात मला तरी दिसली नाही.

परक्यांना आसरा देणाऱ्या या डोंगररांगांत वारली मात्र स्वतःच्याच भूमीत वेठीला धरले गेले होते. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराची ‘लग्नगडी’. तलासरीतल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठ बंद करायचं ठरलं. चळवळीतले कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी वारल्यांवर गोळीबार केला. पाच जणांचा जीव गेला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून झरीला गेलं, की त्या साध्या माळावरून पाय लवकर निघत नाही.

किनाऱ्यावर पुसटशी असलेली थंडी इकडे डोंगराच्या बाजूला हिवाळ्यात चांगलीच झोंबते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा घर अंगावर येईल या धास्तीने लोकांनी लेकराबाळांसह त्याच थंडीत तंबूंमध्ये रात्री काढल्या.