खुली जवारी

सांगलीच्या आमच्या नानांनी स्वहस्ते बांधलेल्या ॲम्प्लिफायरातील पहिला व्हॉल्व्ह बदलला आहे, याची कसलीही वर्दी नसताना वहिनींनी स्वयंपाकघरातूनच ‘अहो, आज तंबोरा पुढं आलाय की!’ असा शेरा मारला, आणि ज्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी नाना आणि मी दुपारपासून कान टवकारून बसलो होतो, त्याला एक अनाहूत साक्षीदार मिळाला. तबकडी तीच, सुई तीच, स्पीकरची सागवानी पेटीही तीच. काढलेला व्हॉल्व्ह ईएफ ८६ आणि घातलेलाही ईएफ ८६च. विजेच्या दाबाची मोजणी दोघांचीही जवळजवळ सारखी आली होती. मग तबकडीवर गाणाऱ्या हिराबाईंच्या पाठीमागे इतका वेळ अदबीने बसलेला तंबोरा एकाएकी पुढच्या रांगेत कसा आला?

नाना टपाल व तार खात्यातून निवृत्त झालेले. ज्या निर्वात नलिकांची, म्हणजे व्हॉल्व्हांची, खात्याच्या नोकरीत हयातभर बडदास्त ठेवली, त्यांची संगत निवृत्तीनंतरही सोडवेना, म्हणून घरातली एक खोली त्यांनी या नलिकांच्या नावे करून दिली आहे. त्यांचा हा ॲम्प्लिफायर मलर्ड कंपनीच्या ‘फाइव्ह-टेन’ नामक आराखड्यावरून, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट या हिशेबाने बांधलेला आहे. हौशी माणसाला घरच्या घरी बांधता यावा अशाच बेताने हा आराखडा पन्नाशीच्या दशकात प्रसिद्ध झाला. त्यात तबकडीवरून आलेला क्षीण स्पंद प्रथम ईएफ ८६च्या हाती पडतो. पुढे ईसीसी ८३ त्याच्या परस्परविरुद्ध अशा दोन प्रती काढतो, त्या दोन प्रती ईएल ८४ची जोडी दोन बाजूंनी ओढते, आणि पाचवा घरच्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेचे वळण लावतो. त्याच्याही आधी, १९४७ साली, ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी जो आराखडा दिला, त्यात पूर्ण पंधरा वॅट काढूनही विकृती दशांश टक्क्याच्या आत ठेवण्याचा पण होता, आणि तो त्यांनी तडीस नेला. या साऱ्या परंपरेचे ब्रीद एकच: मूळ ध्वनीत आपल्या पदरची तिळमात्र भर पडू नये, इमानी कारकुनाने मजकुराची नक्कल करावी, तीवर आपला अभिप्राय लिहू नये.

आता एकाच क्रमांकाचे दोन कारकून दोन तऱ्हांनी नक्कल करतात काय, हा वाद घरच्या घरी ॲम्प्लिफायर बांधण्याच्या या छंदात फार जुना आणि फार खर्चिक आहे. व्हॉल्व्ह बदलून बदलून ऐकणारी मंडळी काचेवरच्या नावाला जेवढी मानतात, तेवढे ते नाव विश्वासार्ह नसते. कारण कारखाने एकमेकांचा माल खुशाल घेत आणि त्यावर आपली मोहोर उठवीत, आणि ही मोहोरही अशी की अंगठ्याने जरा चोळली तर पुसून जावी. खरा दाखला पहावयाचा तो बुडाशी. फिलिप्सच्या गोतावळ्यातील व्हॉल्व्हच्या काचेवर खाली अगदी पुसट कोरीव अक्षरे असतात, त्यांतील ‘बी’ म्हणजे लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडातील हेरलेन. टेलिफुंकनच्या अस्सल ईसीसी ८३च्या पायांच्या मधोमध काचेतच एक चौकट उमटलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात जुन्या रेडिओंच्या ढिगाशी उकिडवे बसून नाना ही वंशावळ भिंगाने वाचतात, आणि माथ्यावरचा रुपेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेला दिसला की मुकाट्याने तो नग खाली ठेवतात, कारण त्या बेरियमच्या डागाने पांढरे होणे म्हणजे काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह गतप्राण झाला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह ज्या काळी घरोघर होते, त्या काळी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. आता तेही अदबीने कापसात गुंडाळून ठेवले जातात. ज्या रेडिओसाठी दरसाल पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तकावर तिकीट चिकटवून घ्यावे लागे, त्याच्या पोटातील एका काचेच्या नळीला एवढी प्रतिष्ठा येईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

व्हॉल्व्हच्या माधुर्याचे एक ठरावीक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह जी विकृती करतो तिचा मोठा हिस्सा दुसऱ्या स्वरांशाचा, म्हणजे षड्ज वाजला तर त्याच्या तार षड्जाचा, आणि तार षड्ज कोणाला खुपणार? १९७३ साली रसेल हॅम यांनी ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्ह यांची जी तुलना प्रसिद्ध केली, तीत खरा भेद दिसतो तो यंत्र आपल्या ताकदीबाहेर ढकलले गेल्यावर, असे मोठ्या चिकित्सेने मांडलेले आहे. परंतु नानांच्या यंत्राला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. दोन ईएल ८४ जेव्हा विरुद्ध बाजूंनी ओढतात, तेव्हा त्यांचे सम स्वरांश एकमेकांना बहुतांशी खोडून टाकतात, आणि उरतात ते विषम. म्हणजे तार षड्जाची पुण्याई येथे खर्ची घालता येत नाही. नानांचे मत तर असे की, आवाज व्हॉल्व्हमध्ये नसतोच, तो शेवटच्या रोहित्राच्या लोखंडात आणि तांब्यात असतो, आणि माणसे व्हॉल्व्हवर पैसे उधळतात ती केवळ व्हॉल्व्ह हाताने उपटता येतो आणि रोहित्र येत नाही म्हणून. मला हे मत पुष्कळसे पटते.

वहिनींचा शेरा मात्र खरा होता. नानांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नव्या ईएफ ८६ला हलकीशी टिचकी मारली, आणि स्पीकरमधून ‘टण्ण’ असा नाद निघून तो बराच वेळ रेंगाळला. जुन्याने नुसते ‘ठप्’ केले होते. काचेच्या आतील धातूच्या जाळ्या किंचित सैल होत्या. टिचकीने त्या कापत, आणि स्पीकरच्या नादानेही बहुधा थरथरत असणार, आणि ती थरथर संगीतात मिसळत असणार. ‘दोष आहे,’ असे म्हणून नानांनी तो व्हॉल्व्ह रद्दीच्या डब्याकडे नेला. त्यांचा हात तिकडे वळला, आणि माझे मन सांगलीहून मिरजेस गेले.

माझी आत्या गात असे. नावाजलेली नव्हे, पण तालमीतली. तिचा तंबोरा जवारीसाठी मिरजेस सतारमेकरांच्या गल्लीत न्यावयाचा, आणि भोपळा सांभाळून धरण्याकरता मला बरोबर घ्यावयाचे, असा आमच्या घरचा रिवाज होता. ही कारागीर मंडळी मूळची शिकलगार, तलवारींना पाणी आणि धार देणारी. संस्थानी काळात तलवारींची मागणी ओसरली तेव्हा तंतुवाद्यांकडे वळली. भोपळे येत ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमाकाठचे. दुकानात ते कडीपाट भरून टांगलेले असत, आणि त्यांखाली चटईवर बसलेला म्हातारा कारागीर तंबोऱ्याला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारी, ‘खुली का बंद?’ आत्या उत्तर देई, ‘खुली, पण उथळ नको.’ या चार शब्दांच्या अटीवर तो कानस उचले. घोडीच्या पाठीवर, जेथे तार टेकते तेथे, तो एकदा कानस फिरवी, तार चढवी, घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवी, छेडी, तार उतरवी, पुन्हा कानस. घासताना त्याची नजर हातातल्या कामावर कधी नसे; समोरच्या भिंतीवर एका खतकंपनीचे कॅलेंडर होते, त्यावरील बैलजोडीकडे तो टक लावून पाही. धागा केसभर इकडे झाला तर तार मुकी होई, केसभर तिकडे झाला तर चिरकी. सूत बरोबर बसले की एक तार वाजूनही अनेक तारा वाजल्याचा भास होई, आणि खर्ज छेडल्यावर त्यातून, कोणीही न लावलेला, गंधार हळूच वर येई. आत्या त्या गंधाराची वाट पाहत मान खाली घालून बसे. तो आला की लगेच उठे, आणि पैशांची घासाघीस मात्र अजिबात करीत नसे. उलट कारागिराने कमी पैसे सांगितले तर तिला जवारीचीच शंका येई. मला त्या वयात गंधार ऐकू येत नसे, आला असे मी सांगत असे, आणि आत्याला ते कळत असे.

तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वरांशाचा अचल बिंदू असेल तो स्वरांश उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा हा नियम राजरोस मोडतो, आणि त्याचे मर्म घोडीच्या रुंद, वक्र पाठीत आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच मांडले. शुद्ध तारेच्या स्वरात जे नाही ते कानसीने आणि सुताने मुद्दाम उत्पन्न करावयाचे, त्यासाठी सांगलीहून मिरजेस जावयाचे, आणि त्याला दोष न म्हणता जवारी म्हणावयाचे, ही ज्यांची रीत, त्यांच्या कानांनी सैल जाळीच्या ईएफ ८६वर नाक का मुरडावे? मी हे नानांना बोलून दाखविले. ते म्हणाले, ‘जवारी कारागीर लावतो, ही आपोआप लागली आहे.’ वहिनींनी आतून तेच पूर्वीचे मत पुन्हा नोंदविले, आणि व्हॉल्व्ह डब्यातून बाहेर आला.

पाश्चात्त्य शौकिनांचे दैवत मात्र निराळे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली काढलेला ३००बी एकटाच असला तर जेमतेम आठ वॅट देतो, पण त्याच्या भक्तांपुढे ईएल ८४चे नावही काढण्याची सोय नाही. ३००बीच्या पैशांत मी मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणीन. छोट्या खोलीत, रात्री, ईएल ८४ मला पुरतो.

आणि व्हॉल्व्हचे युग संपले असे जे म्हणतात, त्यांनी वर पाहावे. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी आहे, तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तल्या. तबकडीसोबत वाजविण्यासाठी सुईदेखील दिलेली आहे, ॲम्प्लिफायर तेवढा दिलेला नाही, हे एका अर्थी घरच्या घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांना केलेले आवाहनच म्हणायचे. परंतु त्या यानांवरून पृथ्वीकडे जो संदेश येतो, तो ज्या प्रवर्धकातून निघतो तो ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूबचा, म्हणजे निर्वात नलिकेचाच आहे, आणि तो सूर्यवाऱ्याच्या वेशीबाहेरही चालू राहिला. हे ऐकून नाना गहिवरतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, ‘त्याचे जादा नग कुठे विकायला काढलेत का?’