हलणारी वायर

नांदूरघाटसारख्या गावात वायरीचं काम जाणणाऱ्यांची कमी नाही. विहिरीवरची मोटार भरणारे, स्टार्टर खोलून दुरुस्त करणारे आपल्यात कितीतरी आहेत. पण सीएनसी राउटरची वायर वेगळी असते, हे भाच्याच्या फर्निचरच्या कामातून कळलं.

त्यानं सुटे भाग जोडून लहान मशीन बनवलं. आर्डुइनो बोर्ड, त्यावर ग्रबल आणि स्टेपर मोटारी. दारांवर जाळीची नक्षी छान निघायची. एकदा सागवानी फळीवर अर्ध्यातच नक्षी बोटभर सरकली. लाकूड वाया गेलं, गिऱ्हाईक खवळलं. त्यानं प्रोग्रॅम तपासला, बोर्ड बदलला. शेवटी दोष वायरीत निघाला: वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं.

घरातली वायर एकदा बसवली की जागची हलत नाही. इथं ती मोटारीसोबत दिवसभर वाकते. त्यात अशा स्वस्त मशीनमधली स्टेपर मोटार आपण खरंच फिरलो की नाही, हे बोर्डाला कळवत नाही. बोर्ड हुकूम देतो आणि काम झालं असं धरून चालतो. म्हणून वायर तुटली तरी मशीन थांबत नाही, चुकीचं कापत राहतं.

आता त्यानं बारीक तारांची लवचीक केबल घेतली. ती ड्रॅग चेनमधून नेली, दोन्ही टोकांना पक्की बांधली, आत मात्र सैल ठेवली. वळण केबलच्या जाडीच्या दहापट तरी मोठं ठेवलं. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना डाग देण्याऐवजी लग दाबले, कारण दाबाखाली कथील हळूहळू पसरतं आणि जोड ढिला पडतो. स्पिंडलची वायर लिमिट स्विचच्या वायरीपासून लांब नेली, नाहीतर नुसत्या विजेच्या गडबडीनं मशीन मध्येच थांबतं. लिमिट स्विच एरवी बंद सर्किटचे जोडले, म्हणजे त्यांची वायर तुटली की मशीन उभं राहतं. आणि चालू मशीनवर मोटारीची वायर कुणीही काढायची नाही, ड्रायव्हर जळतो, ही ताकीद सगळ्यांना दिली.

सगळ्यात मला आवडलं ते हे: प्रत्येक वायरीला नंबर आहे आणि पेटीच्या झाकणाच्या आत मराठीत यादी चिकटवलेली आहे. भाचा गावात नसला तर मोटार भरणाऱ्या चाचांनाही दोष शोधता येईल. शहरातून कारागीर येईपर्यंत हप्ता थांबत नसतो.