दोन थाऊ

बीएसए ए-६५ मोटरसायकलचं इंजिन माझ्याकडे आलं ते चार खोक्यांतून. १९६८चं मॉडेल, ६५४ सीसी, दोन सिलिंडर. ते जिथे बनलं तो स्मॉल हीथचा भाग बर्मिंगहॅममधल्या माझ्या घरापासून फार लांब नाही. बालपण मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बाबांच्या लेथशेजारी गेलं. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

या इंजिनाच्या क्रँकला आडवं सरकायला दीड ते तीन थाऊ मोकळीक लागते, बस्स. टायमिंगच्या बाजूला साधा बुश, त्यातूनच तेल क्रँकमध्ये शिरतं. प्रायमरी चेनच्या बाजूला रोलर बेअरिंग. क्रँक आणि त्या बेअरिंगची आतली रेस, म्हणजे आतलं कडं, यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या की ही मोकळीक, म्हणजे प्ले, कमी होतो. शिम मिळतात तीन, पाच आणि दहा थाऊच्या.

क्रँककेसचे दोन भाग कोरडेच जोडले, बोल्ट आवळले. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड ॲल्युमिनियमला कसा चिकटणार? हे अर्थातच स्टँड हातातून निसटल्यावर सुचलं. शेवटी एका स्टडला लोखंडी पट्टी बांधून त्यावर तो बसवला. क्रँक ओढला, ढकलला. काटा नऊ थाऊ फिरला. नवातून सहा गेले, राहिले तीन. तीनच्या दोन शिम घातल्या आणि पुढच्या जोडणीला लागलो. इंजिन स्प्रॉकेटचा नट पूर्ण आवळला आणि क्रँक जागच्या जागी गच्च! दोन हातांनी जोर लावूनही हलेना.

रात्रभर हिशेब करत बसलो. भारतात सकाळ झाली तसा बाबांना फोन लावला. त्यांनी ही गाडी कधी पाहिलेलीसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “माप घेताना नट आवळलावतास काय रे?”

नव्हता आवळला. त्यामुळे रेस शेवटपर्यंत बसलीच नव्हती. मागे राहिलेली चार थाऊची फट मी प्लेमध्ये धरली होती. खरा प्ले पाचच होता, आणि त्यात मी सहाच्या शिम कोंबल्या होत्या.

पुन्हा केस उघडली. ती रेस काढणं म्हणजे शिक्षाच. पुलरचं पातं शिरायलाही मागे धड जागा नसते. शेजारी एक निवृत्त टूलरूमवाले आजोबा राहतात. त्यांनी जुनी रेस आतून घासून, हाताने सरकेल अशी करून दिली. “आधी हिच्यावर माप घे,” म्हणाले. हे आधी कळलं असतं तर दोन शनिवार वाचले असते.

एक शिम काढली. या वेळी नट आवळून मगच काटा शून्यावर आणला. क्रँक ढकलला, ओढला. दोन थाऊ. खरी रेस चढवून पुन्हा मोजलं, तरी दोनच. नुसत्या बोटांना ते जेमतेम जाणवतं. कान जवळ नेला तर एक बारीकशी टक ऐकू येते. ती टक मी बाबांना फोनवर ऐकवली. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण “हां, बसला,” म्हणाले.