पावसाळ्याची बेगमी

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या. आई माळ्यावरचे डबे खाली काढून पुसत होती, त्या सकाळी भाची हातखंब्याच्या तिठ्यावर उतरली. मुंबई-गोवा महामार्गाला इथे कोल्हापूरकडून रत्नागिरीला जाणारा रस्ता मिळतो, त्यामुळे कुठूनही आलेलं माणूस तिठ्यावरच सापडतं. तिच्या पाठीवर गळ्यापर्यंत येणारी लांब पिशवी होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, क्रिकेट का?" ती म्हणाली, "नाही काका, तलवारी आहेत." मग घरापर्यंत त्यानं प्रश्न विचारायचे थांबवले नाहीत आणि तीही प्रत्येकाचं उत्तर देत राहिली.

ती 19 वर्षांची. तलवारबाजीत उजव्या हातानं सेबर हा प्रकार खेळते. सरावासाठी छत्रपती संभाजीनगरला राहते. ज्युनिअर गटाची जागतिक स्पर्धा एप्रिलमध्ये होऊन जाते, त्यानंतर तिच्या वयाच्या खेळाडूंना थोडी उसंत मिळते. तिच्या प्रशिक्षकांनी 8 आठवड्यांचं वेळापत्रक हातात देऊन सांगितलं होतं, घरी जा, ताकद कमावून ये, पहिले 3 आठवडे तलवारीला हात लावू नकोस. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. म्हणून तिनं मामाचं घर निवडलं.

पहिल्याच दिवशी आईनं तलवार हातात घेऊन पाहिली. सेबरचं वजन नियमाप्रमाणे 500 ग्रॅमच्या आतच असतं आणि एकूण लांबी 105 सेंटिमीटरपर्यंत. नातीनं वेळापत्रकातले आकडे वाचून दाखवल्यावर आईनं विचारलं, "गो बाय, अर्धा किलोची तलवार धरायला साठ किलोचं लोखंड कशाला उचलायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर हातात नव्हतं, पायांत होतं. तलवारबाजीत अंगावर झेपावण्याला लंज म्हणतात. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय लांब पडतो आणि टाचेवर उतरून सगळं धावतं वजन एका क्षणात अडवतो. वार फसला तर त्याच पायानं जमीन रेटून मागे यायचं, कारण समोरची तोवर चाल करून आलेली असते. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा पाय कायम पुढे. वयाच्या दहाव्या वर्षापासून तिनं हेच, याच बाजूनं, हजारो वेळा केलेलं. मी टेप घेऊन मांड्या मोजल्या, तर उजवी डावीपेक्षा दीड सेंटिमीटर जाड भरली. एका पायावर लांब उडी मारायला लावली. उजव्यावर 1 मीटर 62 सेंटिमीटर, डाव्यावर 1 मीटर 48. हे दोन्ही आकडे मी पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवले.

तिसरा आकडा तिच्या पिशवीतल्या कागदावर होता. रक्ताचा अहवाल, हिमोग्लोबिन 10.8. बाईमाणसाचं 12 च्या खाली असलं की त्याला पंडुरोगच म्हणतात.

मार्चमध्ये एका स्पर्धेत तिच्या मांडीचा मागचा स्नायू ताणला गेला होता. रात्री जेवणं आटोपल्यावर तिनं त्यामागची हकीकत सांगितली. कुणीतरी तिला म्हणालं होतं, हलकी झालीस तर पाय अजून चपळ होतील. तिनं रात्रीचा भात सोडला, मग भाकरीही अर्धी केली. 4 महिने पाळी आली नाही. सराव मात्र तेवढाच, दिवसाला 4 तास. ही अवस्था खेळाडूंमध्ये नवी नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये तिला नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जाकमतरता. सरावाला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला पुरेसं अन्न उरत नाही. मग शरीर एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची भरणी, मग दुखापत भरून काढायची ताकद. मुलीची पाळी थांबणं ही सराव चांगला चालल्याची खूण आहे, असं अजूनही काही मैदानांवर मानतात. हे ऐकलं की माझा जीव कळवळतो.

आम्ही तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते जेवणाबद्दलच. घरी येऊन तिनं 3 दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री थोडा भात. प्रथिनांची बेरीज 50 ग्रॅमलासुद्धा पोचेना. तिचं वजन 56 किलो. कसून व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं क्रीडापोषणाचे अभ्यासक सांगतात. त्या हिशोबानं आम्ही तिची गरज रोजची 90 ते 100 ग्रॅमची धरली. जवळजवळ निम्मी तूट.

आणि नेमकी वेळ जूनची. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्याच्या नौका धक्क्याला लागलेल्या. ताजा बांगडा, सुरमई यांचं नाव काढायचं नाही. शहरातला आहारतज्ज्ञ इथे पटकन पावडरचा डबा लिहून देतो. तिच्याकडेही तसा एक डबा होता. मी तो वापरू नको म्हटलं नाही, पण त्यावरच्या चाचणीची खूण आणि तुकडीचा क्रमांक तिच्याकडून तपासून घेतला. कारण उत्तेजक द्रव्य अंगात सापडलं, तर डब्यात भेसळ होती हे खेळाडूला सुटकेचं कारण होत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असाच नियम आहे.

आईनं मात्र माळ्याकडे बोट दाखवलं. कोकणातलं घर मे महिन्यात चार महिन्यांची बेगमी करून ठेवतं. सुके बोंबील, सोडे, जवळा, कुळीथ, नाचणी, चवळी, आमसुलं. पाऊस लागला की याच डब्यांवर घर चालतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते काढून आम्ही एकेक डबा तपासला. सुक्या बोंबलात 100 ग्रॅमला 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. कुळथात 22. नाचणीत प्रथिनं 7 च ग्रॅम, पण कॅल्शियम 340 मिलिग्रॅमच्या वर, तांदळाच्या कितीतरी पट. जे मी लहानपणापासून गरिबाचं अन्न म्हणून ऐकत आलो, तेच हाडं जपणाऱ्या मुलीला हवं होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं नाचणीचे वाण काढले, त्या कामाचं मोल मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मग ताट ठरलं. दिवसाला 3 अंडी, अर्धा लिटर दूध-दही, दुपारी कुळथाची पिठी किंवा चण्याची उसळ, रात्री 30 ग्रॅम सुके बोंबील, दोन्ही वेळा नाचणीची भाकरी, आणि भात पोटभर. भाताबद्दल मी हट्ट धरला. जड वजन उचलायला आणि वेगानं झेपायला स्नायूला साखर लागते, ती भातातून मिळते. भाताला शत्रू मानण्याची जी लाट आली आहे, तिनं खेळणाऱ्या मुलामुलींचं नुकसान केलं आहे. आईनं बोंबील दोनदा पाण्यात घालून खारटपणा काढला. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या पावसाबरोबर आल्याच, त्यांवर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही, तासभर थांबायचं. आईला सगळ्यात जड गेलं ते हेच, कारण आमच्याकडे जेवण झालं की चुलीवर चहा चढतोच. ती नातीसाठी थांबली आणि तिच्याबरोबर स्वतःही थांबायला लागली.

व्यायामाचं म्हणाल तर माझीच समजूत आधी बदलावी लागली. मी आयुष्यभर मुलांना जोर-बैठका घालायला लावल्या. बैठकांनी दम वाढतो, गुडघ्यांना वळण लागतं, त्या चांगल्याच आहेत. पण शंभरावी बैठक घालताना पाय हळू चालतो, आणि सेबरमध्ये तर दोघी अर्ध्या क्षणात एकमेकींवर येतात. तिला हवी होती थोडक्या वेळा, जड आणि मधे पुरेशी विश्रांती घेऊन केलेली मेहनत. पहिले 3 आठवडे मध्यम वजन, 10 ते 12 वेळा. पुढचे 3 आठवडे जड वजन, 4 ते 5 वेळा, दोन फेऱ्यांमध्ये 3 मिनिटं बसून राहायचं. शेवटचे 2 आठवडे उड्या आणि वेग.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती दुचाकीवरून रत्नागिरीच्या व्यायामशाळेत जायची. तिथे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, जमिनीवरून वजन उचलणं, दांडीला लटकून हनुवटी वर नेणं. रविवारचा व्यायाम आमच्या घरी. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर खाली बसायचं, आणि डावा पाय नेहमी आधी, कारण ताज्या दमाचं काम कमजोर बाजूला मिळालं पाहिजे. कुंपणासाठी आणलेला जांभ्याचा एक चिरा आम्ही काट्यावर घातला, 28 किलो भरला. तो छातीशी कवटाळून तिनं पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायच्या. मग ती गुडघ्यांवर बसायची, मी मागून घोटे दाबून धरायचो आणि ती सरळ अंगानं हळूहळू पुढे झुकत जायची. मांडीच्या मागच्या स्नायूला ताण सोसायची सवय लावणारा हा व्यायाम. पहिल्या दिवशी ती वीतभर झुकली आणि हातांवर पडली. मार्चमधली दुखापत याच स्नायूची, म्हणून डोळ्यांत भीती होती. मी काही बोललो नाही, घोटे सोडले नाहीत इतकंच. पाचव्या आठवड्यात ती अर्ध्याच्या खाली गेली.

कोकणातल्या पावसात पोलाद सांभाळणं हे वेगळंच काम. पात्यांना शिवणयंत्राचं तेल लावून, जुन्या मलमलीत गुंडाळून ती कपाटात ठेवलेली. विजेचं जाकीट, ज्यावर तलवार टेकली की दिवा लागतो, ते दर दोन दिवसांनी पंख्याखाली पसरायचं, कारण त्यातल्या धातूच्या धाग्यांना ओल धरली की ते निकामी होतं. चौथ्या आठवड्यात तिनं मलमल सोडली, तेव्हा पातं कोरडं आणि चकचकीत होतं. तिनं ते गालाला लावून पाहिलं.

तलवारबाजीची पट्टी 14 मीटर लांब असते, आमची पडवी जेमतेम 8. तेवढ्यात पुढे-मागे पावलं टाकण्याचा सराव होई. त्या दिवसांत ती भवानी देवीचे सामने पुन्हा पुन्हा पाहायची. चेन्नईची ही मुलगी ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज. टोकियोत 2021 मध्ये तिनं पहिला सामना 15-3 असा जिंकला आणि दुसऱ्यात फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 अशी हरली. 2023 मध्ये वूशीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्यपदक घेतलं. भाची तिच्या हाताकडे बघत नसे. "मामा, तिची मागची टाच बघ," म्हणायची आणि तेवढाच तुकडा मागे घेऊन लावायची.

सातव्या आठवड्यात आम्ही स्पर्धेच्या दिवसाची रंगीत तालीम केली. इटलीच्या रॉय आणि बियांकेदी या अभ्यासकांनी 2008 मध्ये लिहून ठेवलं आहे की आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा दिवस 9 ते 11 तास चालतो, आणि त्यात प्रत्यक्ष लढण्याची वेळ 17 ते 48 मिनिटं. बाकी सगळं थांबणं. मुली हरतात त्या पुष्कळदा या थांबण्यात. भूक लागते, मग वडा-समोसा खाल्ला जातो आणि पुढच्या सामन्याला पाय जड. म्हणून सकाळी 7 वाजता पोहे आणि अंडी. 9 ला अंग गरम करून 5 वारांचे छोटे सामने, मी समोर काठी घेऊन. मग दीड तास नुसतं बसायचं. मधे केळं, खजूर, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. दुपारी मऊ भात आणि दही, थोडंच. मग 15 वारांचा सामना, सेबरच्या नियमाप्रमाणे कुणाचेही 8 झाले की मिनिटभर विश्रांती. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आई दारात बसून गुण मोजत होती. चारच्या सुमाराला तिनं शेवटचा लंज मारला, तो सकाळच्या पहिल्याएवढाच लांब पडला. मी खडूनं खूण केली होती, म्हणून सांगतो.

जुलैच्या शेवटी पुन्हा मोजमाप. डाव्या पायाची उडी 1 मीटर 60, उजव्याची 1 मीटर 66. स्क्वॉट 55 किलोवरून 65 वर, 5 वेळा. वजन 57 किलो 800 ग्रॅम. हे वाढलेलं वजन पाहून ती क्षणभर गप्प झाली, जुनी भीती इतक्या लवकर जात नाही. हिमोग्लोबिन 12.1. पाळी जुलैत आली होती, ते तिनं आजीला सांगितलं आणि आजीनं मला.

1 ऑगस्टला बंदी उठली. 3 तारखेला आईनं ताज्या बांगड्याचं तिखलं केलं आणि त्याच संध्याकाळी भाची तिठ्यावरून कोल्हापूरच्या गाडीत बसली. पिशवीत तलवारींच्या बाजूला नाचणीच्या पिठाचा डबा आणि सोड्यांची पुडी.

आठवड्यानं तिचा फोन आला. वसतिगृहातल्या 4 मुलींनी पैसे काढून कुळीथ आणले होते, पण पिठी कडू झाली. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "आधी भाजायचे गो, मंद आचेवर. मग भरडून सालं पाखडायची. सालासकट दळलेत, म्हणून कडू झाली. आणि चौघींना वाटीभर पुरायची नाही, दोन वाट्या घ्या."