खतावणीबाहेरच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
भाऊबीज. दादा येऊन गेला. ताटात पाकीट टाकलं, म्हणाला, "पुस्तकाला घाल." स्वतः पेपरही वाचत नाही.
रात्री प्रूफं. माझी युनिकोडची फाईल डीटीपीवाल्याने श्रीलिपीत घेतली आणि 'ऱ्य' सगळीकडे फुटला. पायऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्याची, व्यापाऱ्याला. या कादंबरीत शेतकरी, व्यापारी आणि पायऱ्या सोडून आहे काय? चाळिसाव्या पानापर्यंत लालच लाल.

५ नोव्हेंबर
रंगभूमी दिन. भावे नाट्यमंदिराकडे गर्दी असणार. दुकानातून निघायलाच आठ वाजले. गेले नाही.

८ नोव्हेंबर
प्रकाशकाचं उत्तर आलं, आठ महिन्यांनी. हस्तलिखित आवडलंय. साठ हजार भरायचे, पन्नास प्रती मला. बाकीच्या कुठे जाणार, किती छापणार, असं फोनवर विचारलं. "ते आमच्यावर सोडा."
अडत दुकानात हिशोब लिहिणाऱ्या बाईला हे सांगतात. पैसे माझे जाणार असतील तर पोतीही माझ्या खोलीत राहू देत.

११ नोव्हेंबर
आयएसबीएनचा अर्ज भरला. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून नंबर मिळतो, फुकट. लेखकाचं नाव: मी. प्रकाशकाचं नाव: मी. पत्ता एकच.
संध्याकाळी आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा पिकलाय.

१३ नोव्हेंबर
बँकेत. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज कमी बसेल, असं तो मुलगा मला समजावत होता.

१४ नोव्हेंबर
आप्पा आपणहून म्हणाले, "डोळ्याचं संक्रांतीनंतर बघू. थंडीत नको."
मी एफडीचं बोलले नव्हते.

२० नोव्हेंबर
मतदान. दुकान बंद. सकाळी लवकर बोटाला शाई लावून आले, मग दिवसभर शेवटचं प्रकरण.
कंदिलाचा परिच्छेद छाटत छाटत चार ओळींवर आणला. जमिनीखालच्या हळदीच्या पेवाचं तोंड उघडलं की आत कोंडलेली हवा जीव घेते. हरिपुरात आधी कंदील सोडून बघत. जळत राहिला तर माणूस उतरे. हे सगळं आधीच्या खर्ड्यात समजावून सांगितलेलं होतं. काढलं. कंदील विझतो, दोर धरणारा मागे वळून बघतो. तेवढं ठेवलं.

२२ नोव्हेंबर
'धग' परत काढली. १९६० ची. उद्धव शेळक्यांनी पुढे नोकरी सोडून लेखणीवर पोट भरलं, त्यासाठी भराभर कादंबऱ्या लिहिल्या. लोक आजही नाव घेतात ते 'धग'चं. तरी त्या बाकीच्यांनी घर चाललं. कुणी हिणवून बोललं की मला राग येतो. 'धग'मधल्या कौतिकला घर चालवायला काय काय करावं लागतं ते ज्याने लिहिलं, त्याला घर चालवण्याबद्दल आपण शिकवायचं?
रोज तीस पानं. जास्त वाचली की माझी माणसं वऱ्हाडी बोलायला लागतील.

२६ नोव्हेंबर
तात्या हमाल. सत्तरीपार. काम सुटलं तरी यार्डात येऊन बसतात. तरुणपणी हरिपूरची पेवं भरलेली, उपसलेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांना प्रूफातलं नववं प्रकरण वाचून दाखवलं. वरून निमुळतं तोंड, आत पोट, भिंतींना पाला, दोरावरून खाली जाणारा माणूस. तात्या तंबाखू मळायचे थांबले.
शेवटी म्हणाले, "मालकाचं जाऊ द्या बाई. त्या दोर धरणाऱ्याचं पुढं काय झालं?"
दोर धरणाऱ्याला माझ्याकडे दोन वाक्यं आहेत. तसं सांगितलं.
"लिवा की मग."

२८ नोव्हेंबर
फाईल आज प्रेसला द्यायची होती. दिली नाही.

१ डिसेंबर, रविवार
दिली. दोर धरणाऱ्याला आता नाव आहे, बायको आहे, अडीच पानं आहेत. पुस्तक २७२ पानांवरच बसवलं. सोळा पानांचा एक फर्मा, सतरा फर्म्यांचा हिशोब ठरलेला. एक पान वाढलं असतं तरी अठरावा फर्मा लागला असता. त्याच्यासाठी तलाठ्याचा प्रसंग उडवला. तो प्रसंग मला आवडायचा. समीक्षक पुढेमागे कुणी झालाच, तर त्याला रचनेबद्दल काही म्हणता येईल. मला कागदाचा भाव माहीत आहे.

६ डिसेंबर
कागद पाहिला. ७० जीएसएम, नॅचरल शेड. प्रेसवाला म्हणाला, पांढरा स्वस्त पडेल. नको.

११ डिसेंबर
टेम्पो आला. पाचशे प्रती. दिवाणाखाली, कपाटावर, देवघराच्या भिंतीला लागून. आप्पांनी एक उचलली, हळकुंड तोलावं तशी तळव्यावर तोलली, ठेवून दिली.
"छपाई बरी आहे."
दिसतंय कुठे त्यांना.

१५ डिसेंबर, रविवार
पुणे. पहाटेची एसटी. फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. ओळखीच्या एकाने त्याच्या स्टॉलवर कोपरा दिला, हातभर.
माणसं पुस्तक उचलतात, पाठ वाचतात, किंमत बघतात, ठेवतात. एकाने पानांचा वास घेतला आणि ठेवलं. एका मुलीने उभ्या उभ्या आठ-दहा पानं वाचली. मी दुसरीकडे बघत राहिले. तिने घेतलं. सही मागितली नाही, मी कोण ते तिला कुठे ठाऊक.
गेल्या नऊ. एसटीचं भाडं निघालं.

२० डिसेंबर
टपालात. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रजिस्टर्ड बुक पोस्ट १८ तारखेपासून बंद. सिस्टीममध्ये पर्यायच दिसत नाही." आता पार्सल नाहीतर स्पीड पोस्ट, खर्च दुपटीच्या वर. हातात नावं घातलेली सोळा पाकिटं. उभं राहून डोक्यात आकडे केले, सगळी परत आणली. रात्री एकेकाला फोन. तिघांनी "राहू दे मग" म्हटलं.

२३ डिसेंबर
वितरकाला पन्नास टक्के हवेत, पैसे विक्रीनंतर. छापील किंमत ३५०. मला १७५, त्यात छपाईच ११५. वाहतूक माझी. फुटलेल्या, डागाळलेल्या प्रती परत. शेठना सहज सांगितलं तर हसले. "आम्हाला शेतकरी उगाच शिव्या देतात."
पन्नास प्रती दिल्या. तो तरी मांडेल कुठेतरी.

३० डिसेंबर
१९५४ चा कायदा. प्रकाशकाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची, शिवाय चेन्नई, मुंबई, दिल्लीला एकेक. स्वखर्चाने. किती जण पाठवतात कुणास ठाऊक. मी पाठवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नगर वाचनालयात कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हाचा पुस्तकांचा लगदा पाहिलाय. एक प्रत लांब कोलकात्यात असलेली बरी.

७ जानेवारी २०२५
एका गावच्या ग्रंथपालांचा फोन. पुस्तक घ्यायचंय, अनुदानाचा हप्ता आला की. दोन प्रती. चाळीस टक्के सूट.

८ जानेवारी
काही लिहिलं नाही. वाचलंही नाही.

२० जानेवारी
आप्पांचं ऑपरेशन. दादाने पैसे भरले. माझ्याकडे न बघता भरले.

२ फेब्रुवारी, रविवार
तात्यांची नात त्यांना रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवते म्हणे. नवव्या प्रकरणावर पोचलेत.
यार्डात नवी हळद दिसायला लागली. आता मेपर्यंत मान वर होणार नाही. दुसऱ्या कादंबरीची वही ड्रॉवरमध्ये, पावती-पुस्तकाखाली.

२१ फेब्रुवारी
दिल्लीत संमेलन. संमेलनाध्यक्ष आमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर. दुकानातल्या टीव्हीवर भाषण लावलं. सौदे चालू होते, अर्धं ऐकू आलं. हमालही थांबून बघत होते.

२ मार्च, रविवार
आप्पांना नवा चष्मा लागून आठवडा झाला. पुस्तक काल रात्री संपलं त्यांचं. सकाळी चहा घेताना मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. आमची दोन्ही पेवं २००५ च्या पुरात गेली, त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही, मग यावर कशाला बोलतील, असं धरून चालले होते.
जेवण झाल्यावर म्हणाले, "किंमत जास्त लावलीस. दोनशे ठेवायची."
एकशे पंधरा नुसती छपाई आहे, वितरकाचे निम्मे, म्हटलं.
विचार केला. "मग अडीचशे. आणि त्याला पन्नास टक्के द्यायचे नाहीत."