पाय कुठे गेले?

मुलांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं की एक तरी लावणी बसतेच, हो ना? आणि गाणं? ते बहुतेक सिनेमातलं. 1972 च्या ‘पिंजरा’तलं, नाहीतर 2010 च्या ‘नटरंग’मधलं. नऊवारी नेसलेल्या मुली स्टेजवर आल्या की आई-बाबा टाळ्या वाजवतात. पण तमाशाचं नुसतं नाव काढा, लगेच काहींच्या कपाळाला आठ्या! “शाळेत कशाला तमाशा?” असं एका पालकांनी मला विचारलंही होतं. आता सांगा, सिनेमात लावणी आली कुठून? तमाशातूनच ना?

आमच्या जिल्ह्यात (नगर म्हणायची सवय सुटत नाही, आता अहिल्यानगर) संगमनेर हे तमाशाचं मोठं गाव. नामवंत कलावंत कांताबाई सातारकर तिथेच राहायच्या. 2021 साली त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनीही फड गाजवला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी अशाच एका फडात नाचायची. मुलगी मात्र हे कुणाला सांगत नसे. ‘पिंजरा’च्या गाण्यावर नाचणारीला बक्षीस मिळतं आणि हिला आजी लपवावी लागते! मला फार वाईट वाटलं.

एकदा मी आजींना विचारलं, “आजी, सिनेमातल्या लावणीत आणि तुमच्या लावणीत फरक काय हो?”

“बाई, त्यांचं गाणं आधीच गाऊन ठिवलेलं. चुकलं तर पुन्यांदा नाचायचं. आमच्यापुढं पब्लिक बसलेलं. ढोलकीवाला काय वाजवंल, त्याला पायानं जवाब द्यायचा. तिथं थांबून कसं चालंल?”

अगदी खरं, बरं का! ‘पिंजरा’त नाचताना दिसतात संध्या, पण आवाज आहे उषा मंगेशकरांचा. गाणं आधी रेकॉर्ड करतात. मग ते लावून नाच थोडा थोडा चित्रित करतात आणि तुकडे जोडतात. कॅमेरा जवळ गेला की नुसती भुवई उडवली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसते. फडात ती कुणाला दिसणार? तिथे सगळं अंगच बोलावं लागतं. पण चेहरा पडदाभर झाला, की पाय जातात पडद्याबाहेर. घुंगरं ऐकू येतात, दिसत नाहीत!

आजींना सिनेमाचा राग मात्र नाही. “हंसाबाईंचा ‘सांगत्ये ऐका’ म्या तीनदा पाह्यला,” त्या म्हणाल्या. (तो 1959 चा, हंसा वाडकरांचा. पुण्यात तो शंभराहून जास्त आठवडे चालला!) त्यांचं दुखणं वेगळंच. “पुढं पुढं पब्लिक आमाला शिनेमाचीच गाणी म्हणा म्हणायला लागलं. तीबी नाचलो. पोट हाय ना, बाई.”

म्हणजे बघा, आधी सिनेमानं फडाकडून घेतलं, मग फडालाच सिनेमाची नक्कल करावी लागली.

आता एक करा. टीव्हीवर सिनेमातली लावणी लागली की घड्याळ घेऊन बसा. अख्ख्या गाण्यात नाचणारीचे पाय किती सेकंद दिसतात, ते मोजा. आणि आकडा मला पत्रानं कळवा. आजी रोज विचारतात.